खेळपट्टी बनवणारा कसोटीचा निकाल आधीच ठरवतो का?

घरच्या संघाने हवी तशी खेळपट्टी बनवून घेतली की कसोटीचा निकाल आधीच लागलेला असतो का, आणि टॉस जिंकला की अर्धा सामना जिंकला हे खरं का, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते निकाल ठरत नाही. पण दोन संघांमधला फरक मैदानावर किती दिसणार, हे खेळपट्टी ठरवते. पट्टी जितकी कोरडी आणि फुटकी, तितका हा फरक कमी होतो. अशा पट्टीवर साधारण फिरकी गोलंदाजसुद्धा मोठा होतो, आणि तो पाहुण्यांचाही असू शकतो.

हिंगणघाट तालुक्यात आमचं कापसाचं वावर आहे. गावच्या मैदानाची खेळपट्टी दरवर्षी मी आणि तीन-चार पोरं मिळून करतो. तलावातला काळा गाळ आणतो, वाळवतो, ढेकळं फोडून चाळतो आणि बोटभर जाडीचे थर देतो. प्रत्येक थराला पाणी मारलं की थांबायचं. हे थांबणंच सगळ्यात अवघड काम आहे. ओल जास्त असताना रूळ फिरवला तर माती रुळाला चिकटून पापुद्रे निघतात. पार वाळल्यावर फिरवला तर रूळ नुसता वरून जातो, आत काहीच दबत नाही. मधला वाफसा सापडावा लागतो. मुठीत माती दाबायची. गोळा झाला आणि तळहाताला माती लागली नाही, की रूळ काढायचा. पेरणीच्या वेळी आपण हेच तर बघतो.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. उन्हाळ्यात आमच्या वावरात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. खेळपट्टीला घट्ट बांधते ती हीच माती, आणि फोडतेही हीच. हरळीची मुळं तिला धरून ठेवतात. म्हणून गवत किती ठेवलं आणि शेवटचं पाणी कधी दिलं, या दोन गोष्टींत क्युरेटरचं, म्हणजे पट्टी बनवणाऱ्याचं, सगळं कसब आहे. सामना सुरू झाल्यावर पट्टीला पाणी देता येत नाही. तेव्हा पाच दिवसांची ओल आधीच मोजून ठेवावी लागते.

आमच्या मैदानाच्या दक्षिणेच्या टोकाला निंबाचं झाड आहे, त्याची सावली दुपारपर्यंत पट्टीवर असते. एका वर्षी फायनलच्या आदल्या दिवशी मी दोन्ही टोकांना सारखंच पाणी मारलं. सकाळी उन्हातलं टोक खडखडीत आणि सावलीतलं आतून ओलं. एकाच पोराचा चेंडू उन्हातल्या टोकाला टप्पा खाऊन छातीपर्यंत यायचा, सावलीतल्या टोकाला टप्पा खाल्ला की थांबून यायचा. बॅट आधीच फिरलेली असायची आणि झेल मिडऑनच्या हातात. दोन्ही संघ नव्वदच्या आत आटोपले. जिंकला तो संघ, जो साध्या पट्टीवर दहातला एकही सामना जिंकला नसता. ती चूक माझी होती आणि हरलेल्या पोरांचे चेहरे अजून डोळ्यांसमोर आहेत.

मोठ्या क्रिकेटमध्येही हेच झालेलं दिसतं. 2017 साली पुण्यात पट्टी पहिल्या दिवसापासून वळत होती. ऑस्ट्रेलियाचा फिरकीपटू स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत 35 धावांत 6-6 बळी घेतले आणि भारत 333 धावांनी हरला. 2024 ला पुण्यातच न्यूझीलंडचा फिरकीपटू सँटनरने 13 बळी घेतले, आणि भारताने बारा वर्षांनंतर घरची मालिका गमावली. 2025 ला कोलकात्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 124 चा पाठलाग करताना भारत 93 वर संपला. आपल्याकडे अश्विन-जडेजा ही फिरकी जोडी होती तेव्हा साध्या, हळूहळू झिजणाऱ्या पट्टीवर आपण जास्त वरचढ होतो, असं माझं ठाम मत आहे.

आता नागपूरचं. 2004 मध्ये सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर हिरवीगार पट्टी निघाली. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज गिलेस्पीने सामन्यात 9 बळी घेतले, भारत 342 धावांनी हरला आणि ऑस्ट्रेलियाने 35 वर्षांनी भारतात मालिका जिंकली. पुढे कसोट्या वर्धा रोडवर जामठ्याला होऊ लागल्या. तिथे 2010 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम आमलाने नाबाद 253 केल्या आणि त्याच पट्टीवर त्यांचा वेगवान गोलंदाज स्टेनने एका डावात 7 बळी घेतले. 2012 मध्ये इंग्लंडविरुद्ध पट्टी इतकी संथ होती की सामना रेंगाळत अनिर्णित राहिला. आणि नोव्हेंबर 2015 मध्ये दक्षिण आफ्रिका पहिल्या डावात 79 वर गारद. गाव तेच, पण पट्टीने दरवेळी वेगळाच सामना घडवला.

2015 चा दुसरा दिवस मी स्वतः पाहिला. टप्पा पडला की धुळीचा लोट उठताना स्टँडमधून दिसत होता. अश्विनने सामन्यात 12 बळी घेतले आणि भारत 124 धावांनी जिंकला. पण मला त्या सामन्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते आमला आणि डू प्लेसीचं दुसऱ्या डावातलं झुंजणं. दोघांनीही 39-39 च केल्या, पण केवढा वेळ उभे राहिले! अशी पट्टी असली तरी तंत्र आणि धीर असलेला माणूस टिकतो, हे त्यांनी दाखवलं. आयसीसीने ती पट्टी निकृष्ट ठरवली, आणि ते मला योग्यच वाटलं. वेचणीच्या हंगामात मजुरांना सांगून शनिवार मोकळा ठेवला होता, तर सामना शुक्रवारीच, तिसऱ्या दिवशी संपला.

टॉसचं म्हणाल तर तो मदत करतो, बस्स. 2023 ला जामठ्याला टॉस जिंकून ऑस्ट्रेलियाने फलंदाजी घेतली आणि ते डाव व 132 धावांनी हरले. त्याच मालिकेत इंदूरला टॉस भारताने जिंकला, पहिल्या डावात 109 वर बाद झाला आणि सामना 9 गड्यांनी गमावला.

तुम्हाला स्वतः पट्टी ओळखायची असेल तर पहिल्या सकाळी रंग सगळीकडे सारखा आहे का ते बघा. फक्त डावखुऱ्याच्या ऑफ स्टंपबाहेर, चांगल्या टप्प्याच्या जागी माती फिकी आणि खरबरीत दिसली, तर तिथे पाणी कमी पडलेलं असणार. पहिल्याच तासात फिरकीच्या चेंडूने धूळ उडाली, तर तिकीट पहिल्या तीन दिवसांचं काढा.