पोस्टला उत्तर मिळावं म्हणून

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर पानांचे, किड्यांचे, दुरुस्तीला घेतलेल्या पेनांचे फोटो टाकणं चालू आहे, पण तिकडे कुणी फिरकत नाही, असं लिहिलं आहेस. छंद सोडायचं काही कारण नाही. नेटवर्क कसं चालतं ते एकदा नीट कळलं की निम्मा प्रश्न सुटेल. उरलेला निम्मा पोस्ट कशी लिहायची याचा आहे, आणि त्यावर मी जास्त लिहिणार आहे.

मॅस्टोडॉन म्हणजे एकच मोठं संकेतस्थळ नाही. वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले हजारो सर्व्हर अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाच्या नियमावलीने एकमेकांशी बोलतात. ही नियमावली २०१८ च्या जानेवारीत डब्ल्यूथ्रीसीने, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. फोटोंसाठीचं पिक्सेलफेड, पुस्तकांसाठीचं बुकवर्म, व्हिडिओसाठीचं पीअरट्यूब हेही त्याच नियमावलीवर चालतात, म्हणून एका ठिकाणचं अकाउंट दुसऱ्या ठिकाणच्या माणसाला फॉलो करू शकतं. तुला जाचणारी गोष्ट पुढे आहे: तू पोस्ट टाकलीस की तिची प्रत मुख्यतः तुझे फॉलोअर ज्या सर्व्हरवर आहेत, तिथेच जाते. ज्या सर्व्हरवर तुला फॉलो करणारं कुणी नाही, तिथे ती पोस्ट सहसा पोचत नाही, आणि तिथल्या माणसाने तुझा हॅशटॅग शोधला तरी त्याला ती दिसत नाही. तुला वाटतं लोक बघून पुढे गेले. खरं तर बऱ्याच जणांपर्यंत ती गेलेलीच नसते.

कुणाला काय दाखवायचं हे ठरवणारं यंत्रही होम टाइमलाइनवर, म्हणजे आपल्या मुख्य पानावर, नाही. जो ज्यांना फॉलो करतो त्यांच्या पोस्ट वेळेच्या क्रमाने येतात, एवढंच. त्यामुळे पोस्टला इथे पाय फुटतात ते बूस्टमुळे, म्हणजे कुणी ती आपल्या फॉलोअरांकडे पुढे पाठवली की. चांदणी, म्हणजे पसंतीची खूण, दिली की लिहिणाऱ्याला आनंद होतो, पण ती पोस्ट तुझ्या फॉलोअरांच्या होमवर जात नाही. आवडलेलं दुसऱ्यापर्यंत जावं असं वाटत असेल तर बूस्ट कर. आकड्यांकडे तर बघूच नकोस. एकाच पोस्टच्या चांदण्या वेगवेगळ्या सर्व्हरवर वेगवेगळ्या दिसतात, कारण ती मोजणी सगळीकडे सारखी पोचत नाही.

म्हणून पहिले दोन-तीन आठवडे स्वतःच्या पोस्टपेक्षा दुसऱ्यांच्या पोस्टखाली जास्त लिही. तुझ्या छंदाचे पाच-सहा हॅशटॅग फॉलो कर. २०२२ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ही सोय आहे. त्या हॅशटॅगखाली जे नियमितपणे लिहितात त्यांना फॉलो कर, आणि खरंच काही विचारायचं असेल तिथे विचार. तू उत्तर दिलंस की तुझं नाव त्या सर्व्हरवर पोचतं. त्यांच्यातल्या दोघा-तिघांनी तुला फॉलो केलं की तुझ्या पुढच्या पोस्ट त्यांच्या सर्व्हरवर आपोआप जाऊ लागतात. मागच्या पोस्ट मात्र सहसा जात नाहीत. त्यामुळे कुणी तुझं प्रोफाइल उघडलं तर त्याला ते जवळजवळ रिकामं दिसू शकतं. हे टाळायला तुझ्या चांगल्या पोस्टपैकी काही प्रोफाइलवर पिन करून ठेव. पाचपर्यंत पिन करता येतात. सेटिंगमध्ये जाऊन तुझ्या सार्वजनिक पोस्ट शोधात दिसाव्यात ही परवानगीही चालू कर. २०२३ पासून मजकुरातले शब्द शोधता येतात, पण ज्यांनी परवानगी दिली त्यांचेच, आणि ती आपणहून द्यावी लागते. बऱ्याच नव्या माणसांना हे माहीतच नसतं.

आता पोस्ट. तुझ्या पत्रासोबतचा फोटो घेऊ: पानावर पांढरी नागमोडी रेघ, आणि मजकूर एवढाच, ‘हे काय असेल?’ जाणकाराला हे बघून उत्तर द्यावंसं वाटलं तरी देता येणार नाही. ती रेघ नागअळीची आहे एवढं कुणीही सांगेल. अळी पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांच्या मधे राहून गर खात पुढे सरकते, तोच तिचा माग. पण नागअळ्या अनेक प्रकारच्या माश्यांच्या आणि पतंगांच्या असतात, आणि त्यांतल्या पुष्कळ एका किंवा थोड्याच जातींच्या झाडांवर जगतात. म्हणून झाड कोणतं हा पहिला प्रश्न, आणि तुझ्या फोटोत त्याचं उत्तर नाही. दुसरा प्रश्न मागाच्या आत आहे. पान उजेडासमोर धरलंस तर त्या पांढऱ्या पट्टीत विष्ठेची काळी रेघ किंवा ठिपके दिसतील: कधी मधोमध सलग, कधी दोन्ही कडांना आलटून पालटून. ओळख पटवायला हे फार उपयोगी पडतं. माग कुठे केसासारखा बारीक सुरू होतो आणि कुठे रुंद होऊन संपतो तेही बघ. अळी वाढत जाते तशी पट्टी रुंदावते, म्हणून बारीक टोक ही सुरुवात. रुंद टोकाशी अळी अजून आत आहे की चीर पाडून बाहेर पडली आहे, हे उजेडात कळतं.

एका पोस्टला चार फोटो लावता येतात. ते असे वापर: पहिला पूर्ण झाडाचा किंवा निदान फांदीचा, दुसरा पानाचा वरून, शेजारी मिलिमीटरची मोजपट्टी ठेवून, तिसरा पानाच्या खालच्या बाजूचा, चौथा उजेडासमोर धरून काढलेला. फोन फार जवळ नेऊ नकोस. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा अगदी जवळच्या वस्तूवर फोकस धरत नाही आणि सगळं धूसर येतं. थोडं मागे जाऊन फोटो काढ आणि नंतर काप. मजकुरात तारीख, झाड (नाव माहीत नसेल तर ‘पानं समोरासमोर, कडा दातेरी’ असं वर्णन), किती पानांवर दिसलं, कोवळ्या की जून, आणि शेवटी एकच नेमका प्रश्न लिही. ‘ही माशीची अळी की पतंगाची, आणि हे कशावरून ओळखायचं?’ असं विचारलंस तर उत्तर देणारा दोन ओळी जास्त लिहितो, कारण त्याला शिकवायला जागा मिळते. मॅस्टोडॉनच्या बहुतेक सर्व्हरवर पोस्टला ५०० अक्षरांची मर्यादा असते. एवढं त्यात आरामात बसतं.

हीच शिस्त पेनाला लाव. ‘शाई नीट येत नाही’ यावर कुणी काय सांगणार? पहिल्याच रेघेला अडखळतं की अर्धं पान लिहिल्यावर शाई आटते, ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात निबच्या टोकाकडे बघतात, दुसऱ्यात शाई पुरवणाऱ्या फीडकडे. कोणती शाई, शेवटचं कधी धुतलं, आणि निबची चीर उजेडासमोर धरून काढलेला एक फोटो, एवढं दिलंस की काम झालं.

ओळख पटवण्यासाठी मतदान मात्र घेऊ नकोस. मतदानाची सोय आहे, चार पर्याय देता येतात, पण किड्याचं नाव बहुमताने ठरत नाही. ज्याला माहीत आहे तो एकटा असतो आणि त्याचं मत बाकीच्यांत बुडतं.

फोटोचं वर्णन, ज्याला तिथे सगळे ऑल्ट टेक्स्ट म्हणतात, ते प्रत्येक वेळी लिही. मॅस्टोडॉनवर त्यासाठी १५०० अक्षरांपर्यंत जागा आहे. ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं, ते स्क्रीन रीडरने पोस्ट ऐकतात. त्यांच्यासाठी फोटो म्हणजे हे वर्णनच. या नेटवर्कवर याची जाण पुष्कळ आहे, आणि वर्णन नसलेला फोटो बूस्ट न करणारेही बरेच आहेत. ‘पानाचा फोटो’ हे वर्णन झालं नाही. ‘हाताच्या बोटाएवढं लांब हिरवं पान, देठाजवळून सुरू होऊन टोकाकडे रुंद होत जाणारी पांढरट नागमोडी पट्टी, तिच्या मधोमध बारीक काळी रेघ’ हे वर्णन. मला स्वतःला यात आणखी एक फायदा दिसतो: असं लिहायला बसलं की फोटोत काय राहून गेलं ते आपल्याच लक्षात येतं, आणि पान अजून हाताशी असतं.

हॅशटॅग तीन-चार पुरेत, पण नेमके हवेत. ‘निसर्ग’ इतका मोठा हॅशटॅग आणि ‘नागअळी’ इतका बारीक, दोन्ही टाक. शब्दांमध्ये जागा सोडलीस की हॅशटॅग तिथेच संपतो, जोडरेघेवरही संपतो. खालची रेघ चालते. रोमन लिपीत प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं ठेवायची पद्धत आहे, कारण त्याशिवाय स्क्रीन रीडरला शब्द सुटे करून वाचता येत नाहीत. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नसल्याने आपण खालची रेघ वापरायची: पाने_फुले, पेन_दुरुस्ती. मराठीत एक खास घोळ होतो. ‘पक्षिनिरीक्षण’ आणि ‘पक्षीनिरीक्षण’ हे यंत्राच्या लेखी दोन वेगळे हॅशटॅग आहेत. कोणता जास्त वापरात आहे ते आधी शोधून बघ, आणि गरज पडली तर दोन्ही लाव. ‘दऱ्या’, ‘किनाऱ्या’ यांसारख्या शब्दांत काही कीबोर्ड मधे एक अदृश्य चिन्ह घालतात आणि हॅशटॅग तिथे तुटू शकतो. पोस्ट केल्यावर लिंकचा रंग पूर्ण शब्दाला आला आहे का ते बघ.

कोळी, साप, जखम, मेलेला प्राणी असे फोटो असतील तर कंटेंट वॉर्निंग, म्हणजे पोस्ट झाकून वर दिसणारी सूचना, लाव आणि त्यात आत काय आहे ते स्पष्ट लिही: ‘कोळ्याचा जवळून फोटो’. नुसतं ‘सावधान’ लिहिलं तर उघडावं की नाही हे कुणालाच ठरवता येत नाही.

लांब लिहायचं असेल तर स्वतःच्याच पोस्टला उत्तर देत मालिका कर. पहिली पोस्ट सार्वजनिक ठेव, पुढच्यांची दृश्यता, म्हणजे पोस्ट कुठे दिसावी ती सेटिंग, एक पायरी खाली आण, म्हणजे त्या सार्वजनिक टाइमलाइनवर आणि हॅशटॅगखाली गर्दी करणार नाहीत, फॉलोअरांना मात्र दिसतील. पहिल्या पोस्टमध्येच मुद्दा आला पाहिजे, कारण बूस्ट तीच होते.

उत्तर मिळालं की दोन कामं कर. ज्याने सांगितलं त्याला, त्याने सांगितल्यावर तुला पानात नवं काय दिसलं ते लिही. आणि मूळ पोस्टमध्ये ‘दुरुस्ती’ असं लिहून योग्य नाव घाल. चुकीची ओळख असलेली पोस्ट पुसू नकोस. पुसलीस की खालची उत्तरं निराधार होतात आणि पुढे शोधत येणाऱ्याला काहीच सापडत नाही. संपादन केलं की ज्यांनी बूस्ट केली त्यांना सूचना जाते, आधीचा मजकूरही इतिहासात राहतो, त्यामुळे कुणाची फसवणूक होत नाही. एकाच प्रश्नाला दहा जणांनी तेच उत्तर दिलं तर वैतागू नकोस. त्यांच्या सर्व्हरवर आधीची उत्तरं पोचली नसण्याची शक्यता असते. तूही दुसऱ्याला उत्तर देण्याआधी मूळ पोस्ट तिच्या स्वतःच्या सर्व्हरवर उघडून बघ. तिथे सगळी चर्चा एकत्र सापडते.

काही गोष्टी टाकूच नकोस. घरट्याची, दुर्मीळ वनस्पतीची किंवा सापाच्या बिळाची नेमकी जागा कधीच नाही. गोळा करणारे आणि फोटोसाठी फांद्या तोडणारे तेही वाचत असतात. तुझ्या खिडकीतून दिसणारं दृश्य रोज त्याच वेळी टाकलंस तर तुझं घर शोधणं अवघड राहत नाही. फोटोत दडलेली जागेची नोंद मॅस्टोडॉन काढून टाकतं, पण जोडलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरवर तसा भरवसा ठेवू नकोस. कॅमेऱ्यातच ती नोंद बंद कर. फक्त उल्लेख केलेल्यांना दिसणारी पोस्ट म्हणजे बंद पाकीट नव्हे. दोन्हीकडच्या सर्व्हर चालवणाऱ्यांना ती तांत्रिकदृष्ट्या वाचता येते, आणि मजकुरात तिसऱ्याच्या अकाउंटचं पूर्ण नाव त्याच्या सर्व्हरसकट लिहिलंस तर ती त्यालाही जाते. पोस्ट पुसण्याचा निरोप इतर सर्व्हरना जातो, पण सगळेच तो पाळतील याची खात्री नसते.

सर्व्हर बदलावा का, असंही विचारलं आहेस. आधी सध्याच्या सर्व्हरचं माहितीपान वाच: नियम काय, देखरेख कोण करतं, खर्च कसा भागतो, कोणते सर्व्हर अडवले आहेत. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं तर सर्व्हरला रोज बॅकअप घेण्याची, अडचणीच्या वेळी हाताळू शकेल असा एकाहून अधिक माणूस ठेवण्याची आणि बंद करण्याआधी किमान तीन महिने सांगण्याची हमी द्यावी लागते. नवा सर्व्हर त्या यादीत असेल तर बरं.

जायचं ठरलं तर क्रम चुकवू नकोस. नव्या अकाउंटच्या सेटिंगमध्ये जुन्याचं पूर्ण नाव टोपणनाव (अलायस) म्हणून नोंदव, मग जुन्या अकाउंटवरून स्थलांतर सुरू कर. फॉलोअर आपोआप येतात. तू ज्यांना फॉलो करतेस किंवा करतोस त्यांची यादी, बुकमार्क आणि ब्लॉक केलेले मात्र फाइलमध्ये उतरवून नव्या ठिकाणी चढवावे लागतात. पोस्ट जुन्या जागीच राहतात, आणि पुढचे ३० दिवस पुन्हा हलता येत नाही. हे सगळं जुना सर्व्हर चालू असतानाच होतं. तो अचानक बंद पडला तर फॉलोअर आणायला मार्ग उरत नाही. म्हणून फॉलो यादी महिन्यातून एकदा उतरवून ठेव, पोस्टांचा संग्रह मागवत जा (तो सात दिवसांतून एकदा मागवता येतो), आणि फोटोंच्या मूळ फाइली तारीख आणि झाडाचं नाव लिहून स्वतःकडेच ठेव.

कळावे.