डॉक्टरने व्यवस्थापन शिकावं का? शिकावंच, पण आधी कशासाठी ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमडी मेडिसिन झालंय, तालुक्याच्या गावी छोट्या रुग्णालयात भागीदारी मिळतेय, त्याआधी दोन वर्षं एमबीएला द्यावीत का? आणि वडील, जे स्वतः जुने फॅमिली डॉक्टर आहेत, म्हणतात की धंदा शिकलास की पेशंट विसरशील. मी बरीच वर्षं जिल्ह्याच्या गावी भागीदारीत रुग्णालय चालवतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

वडिलांची भीती खरी आहे. आपल्या क्षेत्रात 'मॅनेजमेंट' हा शब्द अनेकांनी टार्गेट देणाऱ्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. ओपीडीतले किती पेशंट ऑपरेशनला लावले, किती एमआरआय लिहिले, यावर महिन्याचा हिशोब मागणारे लोक आहेत. रेफरलसाठी कमिशन देणं-घेणं 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत स्पष्ट मना आहे, तरी कट प्रॅक्टिस कशी चालते हे तुम्हाला सांगायला नको. असलं व्यवस्थापन शिकायचं असेल तर वडिलांचंच ऐका.

पण पेशंटचं नुकसान आणखी कुठे होतं ते बघा. तुमच्या सध्याच्या ओपीडीत एका मधुमेहाच्या पेशंटबरोबर दारापासून दारापर्यंत फिरा, हातात कागद ठेवा आणि प्रत्येक ठिकाणची वेळ लिहा. शेतमजुरी करणारी बाई आठला उपाशीपोटी येते. केसपेपरची रांग, मग रक्त द्यायची रांग. खाऊन दोन तासांनी पुन्हा रक्त. रिपोर्ट हातात येतो दीडला, तेव्हा डॉक्टर वॉर्डात राउंडला गेलेले. खिडकीवरून सांगतात, 'उद्या दाखवा.' उद्या म्हणजे आणखी एक मजुरी आणि एसटीचं भाडं. ती येत नाही. काही महिन्यांनी पायाला चिघळलेली जखम घेऊन येते आणि आपण केसपेपरवर लिहितो, 'औषधं नियमित घेत नाही.'

इथे औषधशास्त्रात काहीच कमी पडलेलं नाही. मधुमेहाचे नमुने लॅबमध्ये आधी लावले, फेरतपासणीला आलेल्यांना एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) पुरेसं आहे का ते बघितलं (त्याला उपाशी राहावं लागत नाही), आणि राउंडची वेळ अर्ध्या तासाने सरकवली, तर तिचं काम एका खेपेत होतं. पण यासाठी लॅब टेक्निशियन, खिडकीवरचा मुलगा, सिस्टर आणि तुम्ही एका टेबलाशी बसायला हवं. त्यांना एकत्र बसवण्याचं वजन रुग्णालयात डॉक्टरकडेच असतं. मॅनेजर तुमच्या राउंडची वेळ बदलू शकत नाही. म्हणून हे शिकायचं डॉक्टरनेच.

मोठं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं घ्या. तिथल्या शंभराहून जास्त आयसीयूंमध्ये डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी सेंट्रल लाइनच्या, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या, संसर्गावर काम केलं. निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. पायऱ्या पाचच: हात धुणं, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा साफ करणं, पूर्ण निर्जंतुक आवरणं वापरणं, शक्यतो मांडीतून लाइन न टाकणं आणि गरज संपली की ती काढणं. यातली एकही गोष्ट डॉक्टरांना नवी नव्हती. नवं होतं ते भोवतालचं काम. सगळं सामान एका ढकलगाडीवर एकत्र ठेवलं, म्हणजे शोधाशोध नको आणि 'आज सापडलं नाही' ही सबब नको. पायरी चुकली तर सिस्टरने डॉक्टरला थांबवायचं, असा अधिकार दिला. प्रत्येक आयसीयूला तिचे आकडे नियमित कळवले. तीन महिन्यांत संसर्गाच्या दराचा मध्यक हजार लाइन-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस लाइन म्हणजे एक लाइन-दिवस) 2.7 वरून शून्यावर आला.

सिस्टरने डॉक्टरला थांबवायचं, हे वाक्य पुन्हा वाचा. आपल्याकडे ते किती ठिकाणी चालेल? सगळ्यात अवघड नेतृत्व इथेच लागतं. हाताखालच्या माणसाला बोलायची भीती वाटू नये, याची व्यवस्था करावी लागते आणि ती रोज जपावी लागते. एकदा जरी सर्जन सगळ्यांदेखत सिस्टरवर खेकसला, तरी पुढचे कित्येक महिने त्या थिएटरमध्ये कोणी तोंड उघडत नाही.

शस्त्रक्रियेच्या चेकलिस्टचा इतिहास हेच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेची 19 मुद्द्यांची यादी आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून बघितली, त्यात दिल्लीही होतं. 2009 च्या अहवालात मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आलेलं दिसलं. मग कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने ती सक्तीची केली आणि 2014 मध्ये तिथल्या 101 रुग्णालयांचा अभ्यास आला: लक्षणीय फरक नाही. अभ्यासाच्या पद्धतीवर वाद झाला, पण मला त्यातून दिसतं ते असं: खुणा केलेला कागद फाइलला लावणं आणि चीर देण्याआधी सगळ्यांनी थांबून एकमेकांशी बोलणं, यात फरक आहे. पहिलं परिपत्रकाने होतं. दुसऱ्यासाठी थिएटरमधल्या ज्येष्ठ माणसाने स्वतः थांबावं लागतं.

धंद्याची गणितं पेशंटच्या भल्यासाठी कशी वापरायची, हे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाकडून शिकावं. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर 1976 मध्ये ते 11 खाटांवर सुरू केलं. एका थिएटरमध्ये शेजारी शेजारी दोन टेबलं, एकावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावर पुढचा पेशंट तयार. खेड्यातल्या मुलींना दोन वर्षं प्रशिक्षण देऊन तपासणी-तयारीची कामं त्यांच्याकडे सोपवली, त्यामुळे सर्जनचा वेळ शस्त्रक्रियेलाच लागतो. परदेशी लेन्स गरिबाला परवडेना, तर 1992 मध्ये ऑरोलॅब काढून स्वतःच बनवायला लागले. पैसे देणाऱ्या पेशंटच्या उत्पन्नावर मोठ्या संख्येने मोफत किंवा नाममात्र दरातल्या शस्त्रक्रिया होतात. कोणतं काम डॉक्टरशिवाय होऊ शकतं आणि खर्च नेमका कुठे होतो, हे दोन प्रश्न त्यांनी प्रामाणिकपणे विचारले.

आपल्या गडचिरोलीतही डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी पहिला प्रश्न वेगळ्या अंगाने सोडवला. गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायला शिकवलं. 39 गावांतले निष्कर्ष 1999 मध्ये आले, नवजात मृत्यू निम्म्याहून जास्त घटले होते. पुढे आशांमार्फत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा देशाचा कार्यक्रम झाला. आपलं काम दुसऱ्याच्या हाती विश्वासाने देणं डॉक्टरांना फार जड जातं. मेडिकल कॉलेजात ते शिकवतच नाहीत.

आता तुमच्यापुरतं. भागीदार होणार असाल तर ताळेबंद वाचता आलाच पाहिजे. एका डायलिसिसला, आयसीयूच्या एका दिवसाला तुमच्या रुग्णालयाचा खरा खर्च किती, हे माहीत नसेल तर जन आरोग्य योजनेचं पॅकेज परवडतं की नाही हे कोणाच्या तरी अंदाजावर ठरतं. कागद अपुरे म्हणून क्लेम अडकतात, दोन-तीन महिने पैसे येत नाहीत, मग बैठकीत कोणीतरी म्हणतं, 'योजनाच बंद करू.' नुकसान पेशंटचं, त्यातही गरिबांचं. फाइल पहिल्या दिवसापासून नीट लावणारा एक माणूस नेमला की यातलं बरंच टळतं.

यासाठी पूर्णवेळ एमबीए मला गरजेचं वाटत नाही. प्रशासनातच जायचं असेल तर पुण्याच्या एएफएमसीतलं (सैन्यदलांचं मेडिकल कॉलेज) हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचं एमडी किंवा मुंबईच्या टिसमधला (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) अभ्यासक्रम बघा. पेशंट बघत राहायचे असतील तर नोकरीबरोबर होणारा छोटा अभ्यासक्रम करा, रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या एनएबीएचची मानकं वाचा, आणि एखाद्या चांगल्या सीएबरोबर रुग्णालयाचे मागच्या वर्षाचे हिशोब ओळीने समजून घ्या.

भागीदारीच्या करारावर सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा. डॉक्टरांचं उत्पन्न तपासण्यांच्या किंवा ॲडमिशनच्या संख्येशी बांधलंय का? आणि रात्री दोनला पेशंटची तब्येत बिघडतेय असं सिस्टरला वाटलं, तर कोणाला न विचारता ती थेट कन्सल्टंटला फोन करू शकते का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर भागीदारांकडून घेऊ नका, रात्रपाळीच्या सिस्टरकडून घ्या.