मित्राचा प्रीसेट माझ्या बॉक्सला का चालत नाही?

प्रश्न : माझ्याकडे दोन्ही बाजूंना एकेक टॉप (मधल्या-वरच्या आवाजाचा बॉक्स) आणि एकेक सब (बेसचा बॉक्स) आहे. आतापर्यंत ॲम्पच्या मागच्या क्रॉसओव्हर स्विचवरच (खालचा आवाज सबला आणि वरचा टॉपला वाटणारा) काम चालवत होतो, आता हे वाटप आणि बाकी सेटिंग करणारा दोन इन सहा आउटचा प्रोसेसर घेतला. मित्राकडे सेम मॉडेल आहे म्हणून त्याचा प्रीसेट (सेव्ह केलेली सेटिंग) पेनड्राइव्हवर आणून लोड केला, पण त्याच्याकडे जो बेस छातीवर येतो तो माझ्याकडे येतच नाही, खालची घरघर वेगळी आणि वरचा आवाज वेगळा ऐकू येतो, मधलं काहीतरी गायब आहे. टॉप स्टँडवर आहेत, सबच्या साधारण सव्वा मीटर पुढे. क्रॉसओव्हर १०० हर्ट्झ, लिंकविट्झ-रायली २४ (ऑक्टेव्हला २४ डीबीचा उतार). ईक्यूमध्ये १०० ला सहा डीबी वाढवूनही बघितलं. प्रोसेसर खराब निघाला का?

उत्तर : प्रोसेसर व्यवस्थित आहे, फक्त त्याच्यात भरलेलं माप दुसऱ्याच्या बॉक्सचं आहे. मित्राचा टॉप बहुतेक सबच्या डोक्यावरच उभा असणार, म्हणून त्याच्या प्रीसेटमध्ये डिले (मुद्दाम दिलेला उशीर) शून्य असेल. तुमचा टॉप सव्वा मीटर पुढे आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो, म्हणजे टॉपचा आवाज ऐकणाऱ्याकडे ३.६ मिलिसेकंद आधी पोचतो. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण १०० हर्ट्झची एक सायकलच १० मिलिसेकंदांची असते, पूर्ण सायकल ३६० अंश धरली तर त्यातले ३.६ म्हणजे जवळजवळ १३० अंश. सब ढकलतोय तेव्हा टॉप ओढायला लागलेला असतो. नेमकं १०० हर्ट्झवर, जिथे दोघांनी मिळून आवाज भरायचा तिथेच साडेसात डीबीचा खड्डा पडतो, तुम्हाला जे गायब वाटतंय ते हेच.

आणि ईक्यूने हा खड्डा का भरला नाही तेही बघा. इनपुटला सहा डीबी वाढवले की सब आणि टॉप दोन्हीकडे सारखेच वाढतात, एकमेकांना खोडायचे ते तेवढंच खोडत राहतात, वर त्या भागात ॲम्पला चौपट पॉवर द्यावी लागते ती वेगळी. म्हणून आधी तो बूस्ट काढा.

मग टेप घ्या. सबच्या आणि टॉपच्या तोंडातलं अंतर मोजा आणि तेवढा डिले टॉपला द्या. उशीर नेहमी जो पुढे आहे त्याला करायचा, मागच्याला लवकर आणता येत नाही. पण टेपचा आकडा ही नुसती सुरुवात असते, कारण पोर्टवाल्या (हवेचं भोक असलेल्या) बॉक्सचा आणि सबच्या हायपासचा (ठरलेल्या आकड्याखालचा आवाज अडवणाऱ्या फिल्टरचा) स्वतःचाही उशीर असतो. म्हणून पुढचं काम १०० हर्ट्झच्या साइन टोनवर करायचं. आवाज कमी ठेवा, ऐकायच्या जागी माइक ठेवा, आधी सब एकटा आणि मग टॉप एकटा वाजवून दोघांची लेव्हल सारखी करा. आता टॉपची पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, उलटी करा (आपल्याकडे सगळे फेज उलटा म्हणतात, चालेल) आणि दोन्ही चालू ठेवून डिले थोडा थोडा हलवत आवाज सगळ्यात कमी कुठे होतो ते शोधा. जिथे सगळ्यात खोल बुडतो तिथे थांबा आणि पोलॅरिटी सरळ करा, आता तिथेच दोघं पूर्ण जुळतात. वाढता आवाज शोधण्यापेक्षा हे बरं, कारण वरचं टोक बोथट असतं आणि खालचा खड्डा एकदम टोकदार, तो कानालाही कळतो. फक्त टेपच्या आकड्याच्या आसपासच राहा, कारण १० मिलिसेकंद पुढे गेलात की तसाच दुसरा खड्डा सापडतो आणि तो खोटा असतो.

लिंकविट्झ-रायली २४ ठेवलाय ते बरोबरच आहे. सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांच्या नावाचा हा फिल्टर १९७६ मध्ये लिंकविट्झच्या पेपरमधून पुढे आला. क्रॉसओव्हरच्या जागी दोन्ही बाजू सहा-सहा डीबी खाली असतात आणि एकाच फेजमध्ये असतात, म्हणून बेरीज सपाट येते. १२ चा उतार घेतलात तर मात्र एका बाजूची पोलॅरिटी उलटवावी लागते, ते विसरू नका.

अजून एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण मला त्याची काळजी वाटते. मित्राच्या प्रीसेटमध्ये सबचा हायपास कितीला आहे ते बघा. त्याचा बॉक्स ३० हर्ट्झला ट्यून असेल (म्हणजे पोर्ट त्या आकड्याजवळ काम करत असेल) आणि तुमचा ४० ला, तर ४० च्या खाली तुमच्या कोनला बॉक्समधली हवा धरूनच ठेवत नाही, कोन मोकळा धावतो आणि आवाज न वाढता कॉइल बाहेर येते. हायपास तुमच्या बॉक्सच्या ट्यूनिंगजवळच ठेवा, २४ चा उतार, आणि ट्यूनिंग माहीत नसेल तर बॉक्सच्या कागदात बघून मगच वाजवा.

प्रश्न : लिमिटरचा थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर तो आवाज रोखतो ती) किती ठेवायचा? ड्रायव्हर (बॉक्समधला स्पीकर) ४०० वॉट एईएस (ऑडिओ इंजिनिअर्सच्या संस्थेच्या टेस्टप्रमाणे), ८ ओहम, एका चॅनलला दोन पॅरलल. सगळे म्हणतात कानाने ऐकून लावा.

उत्तर : कानाने नका लावू. कानाला फाटलेला आवाज कळतो, गरम होणारी कॉइल कळत नाही, आणि कळतं तेव्हा वास आलेला असतो.

हिशोब सोपा आहे. वॉट गुणिले ओहम आणि त्याचं वर्गमूळ म्हणजे व्होल्ट. ४०० गुणिले ८ म्हणजे ३२००, वर्गमूळ साधारण ५६.६ व्होल्ट. ड्रायव्हर दोन पॅरलल असले तरी व्होल्ट तेच राहतात, करंट वाढतो, म्हणून हा आकडा बदलत नाही. ॲम्पचा गेन ३२ डीबी असेल तर तो ४० पट करतो, म्हणजे प्रोसेसरमधून १.४१ व्होल्ट निघायला हवेत, ते झाले प्लस ५.२ डीबीयू (०.७७५ व्होल्टला शून्य धरून मोजलेले डीबी). गेन २६ डीबी असेल तर प्लस ११.२. पण एईएसची ती टेस्ट २ तासांची असते आणि आपला कार्यक्रम संध्याकाळभर चालतो, म्हणून मी आरएमएस लिमिटर (सरासरी पातळी बघणारा) तीन डीबी खाली ठेवतो, म्हणजे २०० वॉट, आणि ऐकणाऱ्याला त्याचा फारसा फरक जाणवत नाही. पीक लिमिटर (क्षणिक टोकं पकडणारा) वेगळा असेल तर तो ५६.६ व्होल्टच्या सहा डीबी वर ठेवा, किंवा ॲम्प त्याआधी क्लिप होत असेल (आवाजाची टोकं कापत असेल) तर ॲम्पच्या क्लिपपाशी. अटॅक (लिमिटरला पकडायला लागणारा वेळ) मी सबला १६ मिलिसेकंद आणि एचएफला (टॉपमधल्या वरच्या आवाजाच्या ड्रायव्हरला) ०.३ ठेवतो, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) दोन्हीकडे अटॅकच्या १६ पट. सबला फार जलद अटॅक दिला तर लिमिटर एका सायकलच्या आतच कमी-जास्त करायला लागतो आणि बेस खरखरतो.

हा सगळा हिशोब ॲम्पची नॉब एका ठरलेल्या जागी आहे असं धरून आहे. नॉब अर्ध्यावर ठेवून लिमिटर लावला आणि ऐन कार्यक्रमात कुणी ती पूर्ण फिरवली की लिमिटर असून नसल्यासारखा झाला. नॉब पूर्ण उघडी ठेवून वर टेप चिकटवा आणि लेव्हल प्रोसेसरमधून जुळवा.

प्रश्न : हॉलमध्ये माइक लावून ग्राफ सपाट केला तर आवाज उलट मेल्यासारखा झाला, असं का?

उत्तर : एकाच जागी माइक ठेवून दिसलेला प्रत्येक खड्डा भरलात म्हणून. भिंतीवरून परत आलेल्या आवाजाने पडलेला खड्डा ईक्यूने भरत नाही आणि दोन पावलं सरकलं की तो तिथे नसतोच. चार-सहा जागांचं सरासरी माप घ्या, सगळीकडे दिसणारे फुगवटे तेवढे कापा, अरुंद खड्डे सोडून द्या.

प्रश्न : एफआयआर फिल्टर (फेज न बिघडवता आवाज सुधारू शकणारा डिजिटल फिल्टर) वापरावा का?

उत्तर : रेकॉर्डेड गाण्यांना हरकत नाही. लाइव्हला उशीर बघा, ४८ किलोहर्ट्झवर १०२४ टॅपचा (हिशोबाच्या टप्प्यांचा) लिनियर फेज फिल्टर जवळजवळ १०.७ मिलिसेकंद खातो, गायकाच्या मॉनिटरला तो मी लावणार नाही.

प्रश्न : टॉप बायॲम्प करतोय (त्यातल्या खालच्या आणि वरच्या ड्रायव्हरला वेगवेगळा ॲम्प), पहिल्यांदा चालू करताना एचएफ उडायची भीती वाटते.

उत्तर : भीती रास्त आहे. माझ्या हातून एकदा दोन केबल बदलल्या गेल्या, सबचा आउट एचएफच्या ॲम्पला गेला आणि डायफ्राम पहिल्याच ठोक्याला गेला, बदलायला दुसरा जवळ नव्हता आणि ती रात्र एका बाजूने काढावी लागली. तेव्हापासून मी स्पीकर न जोडता सुरुवात करतो. सगळे आउट म्यूट, मग एकेक उघडून अगदी हळू पिंक नॉइज (टेस्टचा सळसळता आवाज), आणि एचएफच्या केबलवर हेडफोन किंवा छोटा फालतू स्पीकर लावून नुसती सळसळ येतेय ना ते ऐकायचं. घरघर आली तर केबल चुकली. त्यानंतरच ड्रायव्हर जोडायचा. एचएफला सिरीजमध्ये कॅपॅसिटर कायमचा ठेवा, ८ ओहमच्या ड्रायव्हरला आणि १५०० हर्ट्झच्या क्रॉसओव्हरला २७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर चालतो, तो साधारण ७५० हर्ट्झच्या खालचं अडवायला लागतो. त्याने फेज थोडा हलतो म्हणून डिले जुळवायचं काम कॅपॅसिटर लावल्यावर करा, आधी नको. आणि गाणं चालू असताना प्रीसेट कधीच बदलू नका, आधी ॲम्प बंद, मग प्रीसेट, मग परत ॲम्प.