स्क्रीनशॉटमधून कापलेला भाग

प्रिय बाळा,

काल रात्री साडेअकराला पाठवलेला तुझ्या पीएसएटीच्या निकालाचा स्क्रीनशॉट आज सकाळी चहा घेताना पाहिला. रीडिंग-रायटिंग 590, गणित 680, एकूण 1270. आणि खाली एकच ओळ, ‘काका, संपलं सगळं.’ आधी मला हसू आलं. मग वाटलं, हे लिहून तुला धड झोप लागली नसणार. फोनवर तू नुसतं ‘हो, हो’ म्हणशील, म्हणून लिहूनच पाठवतोय.

पीएसएटी ही एसएटीची, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेची, पूर्वपरीक्षा. तिचे गुण प्रवेशासाठी कुठल्याही कॉलेजात जात नाहीत. ते तुला दिसतात, तुझ्या शाळेला कळतात आणि अकरावीत दिलेली परीक्षा असेल तर नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीवाल्यांकडे जातात. अर्ज वाचणाऱ्या माणसासमोर तुझा 1270 कधी येणारच नाही. येईल तो एसएटीचा आकडा, आणि तोही तू पाठवलास तर. आता त्या आकड्याला पुन्हा वजन आलंय हे मात्र खरं. एमआयटीने 2022 मध्ये, आणि डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड यांनी 2024 मध्ये परीक्षेची अट परत आणली. पण ती मुख्यतः एसएटी किंवा तशाच दुसऱ्या परीक्षेची, एसीटीची, अट आहे, पीएसएटीची नव्हे.

राहिलं नॅशनल मेरिट. इथे तुला खोटा धीर देणार नाही. त्यांचा हिशोब 1520 पैकी मिळालेल्या एकूण गुणांवर नसतो, सिलेक्शन इंडेक्स नावाच्या वेगळ्या आकड्यावर असतो. रीडिंग-रायटिंगचे गुण दुप्पट करायचे, त्यात गणिताचे मिळवायचे आणि दहाने भागायचं. तुझे 1180 अधिक 680 म्हणजे 1860, म्हणजे इंडेक्स 186. कमाल 228 असतो. दरवर्षी सुमारे 13 लाख अकरावीची मुलं यात उतरतात, त्यातल्या वरच्या 50 हजारांची दखल घेतली जाते आणि साधारण 16 हजार सेमीफायनलिस्ट होतात. सेमीफायनलिस्टची रेषा प्रत्येक राज्याची वेगळी. त्याखालची ‘कमेंडेड’ची, म्हणजे नुसत्या प्रशस्तीची, रेषा देशभर एकच, आणि 2022 ते 2026 मध्ये बारावी झालेल्या बॅचेससाठी ती 207 ते 210 च्या दरम्यान होती. म्हणजे तो दरवाजा तुझ्यासाठी बंद झाला, आणि तो एकदाच उघडतो. वाईट वाटून घ्यायचंच असेल तर एवढ्यापुरतं घे. त्यांची स्वतःची शिष्यवृत्ती 2,500 डॉलरची, एकदाच मिळणारी. काही विद्यापीठं फायनलिस्टना याहून खूप मोठी सवलत देतात, पण तुझ्या यादीत तशी किती आहेत ते आधी बघ. मला तर एकही दिसली नाही.

जाता जाता त्या दुपटीकडे बघ. या इंडेक्समध्ये रीडिंग-रायटिंगचे 10 गुण वाढले तर 2 अंक वाढतात, गणिताचे 10 वाढले तर 1. आपल्या घरांत मात्र सगळा जीव गणितावर. ‘इंग्रजी काय, मुलं इथेच वाढलीत, येतंच त्यांना.’ हे वाक्य मीही वर्षानुवर्षं म्हणत आलोय.

आणि त्याची किंमत माझ्या थोरलीने मोजली. तिने 2023 मध्ये पीएसएटी दिली, पहिल्यांदा लॅपटॉपवर झाली त्या वर्षी. रीडिंग-रायटिंग कमी आलं म्हटल्यावर मी रिपोर्ट न उघडताच ठरवून टाकलं की शब्दसंग्रह कच्चा आहे. रोज 20 शब्दांची यादी, रात्री जेवताना तोंडी परीक्षा. दोन महिने तिने सोसलं. मग एका रविवारी तिनेच रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला. त्यात आठ विषयांच्या आठ पट्ट्या असतात, चार इंग्रजीच्या, चार गणिताच्या. शब्द आणि आकलनाच्या पट्ट्या जवळजवळ भरलेल्या होत्या. रिकामी होती ती ‘स्टँडर्ड इंग्लिश कन्व्हेन्शन्स’ची, म्हणजे विरामचिन्हं आणि व्याकरण. ‘हाउएवर’च्या आधी स्वल्पविराम की अर्धविराम, इतकंच अडलेलं. नियम मोजून दहा-बारा. तीन आठवड्यांत बसले. मार्चच्या एसएटीत तिचे त्या भागात 60 गुण वाढले, आणि माझ्या शब्दयाद्या रद्दीत गेल्या.

म्हणून तुझ्यावर माझी एकच तक्रार आहे. स्क्रीनशॉटमध्ये तू वरचे तीन आकडे ठेवलेस आणि खालच्या पट्ट्या कापल्यास. कामाचं होतं तेच कापलंस! डिजिटल परीक्षेत कुठला प्रश्न चुकला ते परत बघायला मिळत नाही. हाताशी राहतात त्या एवढ्या पट्ट्याच.

आणखी एक आठवून बघ. प्रत्येक भागाची दोन मॉड्यूल्स, म्हणजे दोन टप्पे, असतात आणि पहिलं कसं गेलं त्यावर दुसरं सोपं की अवघड ते ठरतं. दुसरं मॉड्यूल तुला फार सोपं वाटलं होतं का? तसं असेल तर पहिल्यात चुका झाल्या, आणि मग कितीही अचूक सोडवलं तरी वरचे गुण हाती लागत नाहीत. रीडिंग-रायटिंगच्या एका मॉड्यूलला 32 मिनिटांत 27 प्रश्न ही काही मरणाची घाई नव्हे, तरी पहिली दहा मिनिटं सगळेच धावतात. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून रिकामं काही सोडलं नाहीस ना, तेही सांग.

दोन्ही परीक्षांची मोजपट्टी एकच आहे. 1270 म्हणजे त्याच दिवशी एसएटी दिली असतीस तर साधारण तितकेच पडले असते. पण तो दिवस ऑक्टोबरमधला होता. तुझ्यापुढे मार्च, मे, जून आहेत, आणि बारावीच्या सुरुवातीला ऑगस्टही. कॉलेजांची रंगीत पत्रकं आता घरी येऊ लागतील. ती जाहिरात असते, आईला फ्रिजवर लावू देऊ नकोस.

रविवारी ब्लूबुकवर, त्या परीक्षेच्याच ॲपवर, एक पूर्ण सराव परीक्षा दे, मध्ये फोन न बघता. त्याआधी तो कापलेला अर्धा रिपोर्ट मला पाठव. रात्री साडेअकराला नको, मी तेव्हा घोरत असतो.

तुझा,
काका