रात्री दोनला कोण जागं असतं?

आठवा महिना लागला की एक प्रश्न माझ्या खोलीत हमखास येतो. “मॅडम, बाळासाठी नेमकं काय काय घ्यायचं? काही राहून तर जाणार नाही न?” नागपुरात प्रतापनगरातल्या या समुपदेशनाच्या खोलीत मी 22 वर्षांपासून बसते. पूर्वी हा प्रश्न आईला, मावशीला, शेजारच्या काकूंना विचारला जायचा आणि तिथेच मिटायचा. आता तो माझ्यापर्यंत पोहोचतो, आणि सोबत उडालेली झोप आणतो, नवरा-बायकोचा अबोला आणतो, कधी कधी क्रेडिट कार्डाचं बिलही. गेल्या उन्हाळ्यात एकाच महिन्यात चार जोडपी हेच घेऊन आली. त्यातल्या एका जोडप्याची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. तिला मृणाल म्हणू, त्याला निखिल.

होळी होऊन आठवडा झाला असेल. बाळंतपणाची तारीख मेच्या मध्यातली. मृणालने बसता बसताच मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यात एक्सेलमध्ये यादी होती, 64 ओळींची. प्रत्येक वस्तूपुढे कंपनी, किंमत आणि तिला लोकांनी दिलेले तारे. घेतलेल्या वस्तू पिवळ्या, घ्यायच्या राहिलेल्या लाल. लाल बरंच होतं. बाटली गरम करायचं यंत्र, आपोआप हलणारा पाळणा, बाळावर नजर ठेवणारा कॅमेरा, दूध काढायचा विजेवरचा पंप, वाइप्स कोमट ठेवणारा डबा. खाली बेरीज 58 हजार.

“वाइप्स कोमट ठेवायचा डबा,” निखिल म्हणाला, “अन् तोही मे महिन्यात. इथे नळालाच गरम पाणी येते मॅडम.”

मृणाल हसली नाही. “तुला सगळं जास्तच वाटते. उद्या रात्री पोट्टं रडलं आणि ती वस्तू घरात नसली, तर?”

या ‘तर’पाशी मी थांबले. तिने ते वाक्य पुरं केलं नव्हतं. त्या तासाभरात तिने निदान आठ वेळा ‘तर?’ म्हटलं आणि एकदाही पुढे काही म्हटलं नाही.

घरात तिसरी बाजूही होती. अमरावतीच्या सासूबाईंचं म्हणणं, बाळ हाती येईपर्यंत घरात चिंधीसुद्धा आणायची नाही. त्यामुळे पिवळ्या रंगातली प्रत्येक वस्तू कपाटात चादरीखाली लपवलेली होती.

सुरुवातीच्या वर्षांत मी अशा जोडप्यांना सरळ माझी यादी देत असे. चांगली यादी होती, बालरोगतज्ज्ञांना विचारून केलेली. ती मिळाली की दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी फोन यायचा, ‘मॅडम, त्यात नेलकटर नाही.’ माझी यादी काळजीला नवं खाद्य पुरवते, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. आता मी यादी देत नाही. त्यांचीच यादी त्यांच्याकडून पुन्हा भरून घेते.

दुसऱ्या भेटीला मी मृणालला दोनच रकाने वाढवायला सांगितले. ही वस्तू किती वाजता लागेल? आणि तेव्हा ती कोणाच्या हातात असेल? हा प्रश्न मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालेला नाही. जोडप्यांसमोर बसून बसून तो सापडला आहे, आणि आजवर त्याने मला क्वचितच निराश केलं आहे.

चौथ्या दिवशी ती आली तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून तिने यादी वहीत हाताने उतरवून आणली होती. मी तिला मोठ्याने वाचायला सांगितलं.

“बाटली गरम करायचं यंत्र. रात्री दोन. मी. आपोआप हलणारा पाळणा. रात्री दोन, अडीच. मी. कॅमेरा. रात्री. मी. पंप. रात्री दोन. मी.”

असं पंधरा-वीस ओळी चाललं. मग तिचा आवाज बारीक होत गेला आणि थांबला. कूलरचा तेवढा आवाज येत होता.

निखिल म्हणाला, “रात्री दोनला मी पण घरीच असतो न.”

“असतोस. झोपलेला.”

“तू उठव न मला.”

“तुला सातची बस असते.”

मी तिला विचारलं, “मृणाल, तुमच्या ओळखीत रात्री दोनला नेहमी जागं असणारं कोणी आहे?”

एरवी या प्रश्नावर लोक जरा विचार करतात. तिने केला नाही. तिचे डोळेच भरून आले. “आई,” ती म्हणाली.

मृणालचं माहेर पुसदचं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. पण दिवाळीनंतर तिच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. ते अंथरुणाला खिळले आणि माहेरी जायचं रद्द झालं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. दिवसा एक मदतनीस येते, रात्री आईच उठते. बाराला, दोनला, चारला.

“मग आईशी या बाबतीत काय बोलणं झालं?”

“काहीच नाही. तिला अजून एक काळजी कशाला द्यायची?” आणि मग अगदी हळू, “माझं बाळंतपण तिला जमणार नाही म्हणून ती आधीच रडते.”

ही जागा मी अजून विसरलेली नाही. 64 ओळींच्या त्या यादीत आईचं नाव कुठेच नव्हतं, आणि तरी जवळजवळ प्रत्येक ओळ तिच्याचविषयी होती. मृणालला मदत हवी होती, पण मागायची कोणाकडे? आईकडे मागितलं तर तिला त्रास. नवऱ्याकडे मागितलं तर त्याची झोप जाते. सासूबाईंकडे मागावं तर कपाटातली चादर उचलावी लागते. वस्तूकडे मागितलं की कोणालाच त्रास होत नाही, फक्त पैसे लागतात. डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ, पुढे मनोविश्लेषक झाले. बाळ असं एकटं काही नसतंच, बाळासोबत त्याला सांभाळणारं कोणीतरी असतंच, असं ते म्हणत. मी त्यांची वाट धरणारी आहे, हे माझ्याकडे येणाऱ्यांना ठाऊक असतं. मी त्यात माझ्या अनुभवाची भर घालेन. सांभाळणारीसुद्धा एकटी नसावी लागते. तिच्यामागे कोणी उभं नसलं, की ती रिकामी जागा भरायला बाजार तयारच असतो.

म्हणून तुम्ही यादी करत असाल तर आधी माणसांची करा. पहिले सव्वा महिना घरात कोण असेल, रात्री कोण उठेल, स्वयंपाक कोणाकडे, लंगोट कोण धुणार. नवजात बाळ दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा दूध पितं, म्हणजे दर दोन-तीन तासांनी. अंगावर पाजणं आईलाच करावं लागतं. पण ढेकर काढणं, लंगोट बदलणं, थोपटून झोपवणं ही कामं बापाच्या हातांनी उत्तम होतात. ही यादी भरली की वस्तूंची यादी आपोआप आखूड होते. मृणालची 64 वरून 19 वर आली, आणि त्यातली एकही ओळ मी खोडलेली नव्हती.

त्या 19 मध्ये काय राहिलं ते सांगते, कारण तुम्हाला तेही हवं आहे, हे मी जाणते.

लंगोट भरपूर हवेत, मऊ सुती, 25-30 तरी. जुनं धोतर किंवा धुऊन धुऊन विरलेली सुती साडी फाडून केलेल्यांची सर विकतच्यांना येत नाही. ही संख्या मात्र ऋतूवर ठरवा. मेमध्ये गच्चीवर टाकलेला लंगोट खाली येईपर्यंत वाळलेला असतो, जुलैच्या झडीत दोन-दोन दिवस ओला राहतो. मेमधल्या बाळासाठी घेताना दोन महिने पुढचा पाऊस धरून घ्या. डायपर रात्रीसाठी आणि बाहेर जाताना चालतो, पण नवजात मापाचं छोटंच पाकीट आणा. ते माप काही आठवड्यांतच लहान पडतं. झबली बंदांची, सहा-आठ पुरतात. डझनावारी घेतलेली झबली घडीसकट लहान झालेली मी पाहिली आहेत. पाच-सहा दुपटी हवीत. छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी जरूर घ्या, कारण पावसाळा लागला की आपल्या शहरात डेंग्यू येतोच. एक डिजिटल थर्मामीटरही घरात असू द्या. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप दिसला, तर घरगुती उपाय करत न बसता लगेच डॉक्टरकडे न्यायचं.

घरी चारचाकी असेल तर बाळाची कारसीट हा खरा खर्च आहे. त्यात कंजुषी नको. धक्का बसला तर मांडीवरचं बाळ कितीही घट्ट धरलं तरी हातात राहत नाही. बाबागाडी मात्र मृणालने मागे ठेवली. मेच्या 45 अंशांत आणि आपल्या फुटपाथांवर ती कुठे फिरवणार? हिवाळ्यात बघू म्हणाली.

पंपाचं ठरायला वेळ लागला. तिला 26 आठवड्यांची रजा होती, मग पंप पहिल्या दिवसापासून कशाला? कामावर जायच्या महिनाभर आधी घेतला तरी पुरतो. बाटल्या आणि त्या गरम करायचं यंत्र तिने स्वतःच काढून टाकलं. आईचं दूध काढून द्यावं लागलं तर वाटी-चमचा आहे, बोंडलं म्हणजे चोचीची छोटी वाटी आहे. बाटल्यांची आणि बाळाच्या पावडरच्या दुधाची जाहिरात करायला आपल्याकडे 1992 च्या कायद्यानेच मनाई आहे, हे ऐकून निखिलला आश्चर्य वाटलं होतं.

काही गोष्टींबाबत मी मोकळं सोडत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला उशी नको, पाळण्याच्या कडेने लावायच्या गुबगुबीत गाद्या नकोत. घट्ट सपाट गादीवर पाठीवर झोपवायचं. डोकं गोल व्हावं म्हणून प्रेमाने शिवून आणलेली राईची उशीही नको. तिला नाही म्हणणं जड जातं, मला कळतं. ती उशी आठवण म्हणून जपून ठेवा, बाळाच्या डोक्याखाली ठेवू नका. पावडर नको, ती श्वासात जाते. चाकांचा वॉकर तर कोणी भेट दिला तरी नको. त्याने मूल लवकर चालत नाही, जिन्यावरून पडतं मात्र. कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली.

राहिल्या सासूबाई. माझ्या सांगण्यावरून चौथ्या भेटीला निखिल त्यांना घेऊन आला. मी त्यांना एवढंच विचारलं, “निखिलच्या वेळी काय काय होतं तुमच्याकडे?” त्या खुलल्या. सागवानी पाळणा होता, अजून अमरावतीला माळ्यावर आहे. पहिलं झबलं जावेच्या मुलाचं, जुनं, धुतलेलं, कारण बाळाला आधी जुनं घालतात. मृणाल ऐकत होती. जुनं चालतं, हे तिला तोवर माहीतच नव्हतं. दोन बायकांमध्ये त्या दिवशी ठरलं ते असं की जुने कपडे आणि पाळणा आधी येईल, नवं सगळं निवडून ठेवायचं आणि बाळ झालं की निखिलने जाऊन आणायचं. सासूबाईंची श्रद्धाही राहिली, मृणालची तयारीही झाली. कपाटातली चादर निघाली. चादरीखालचं अर्धंअधिक सामान निखिलने बर्डीवरच्या दुकानात परत नेऊन दिलं.

आईला फोन मृणालने माझ्यासमोर केला नाही, मीही तसा आग्रह धरला नाही. पुढच्या भेटीत ती म्हणाली, “आईला सांगितलं मी, मला भीती वाटते म्हणून. ती म्हणाली, अगं, मी तर जागीच असते, करत जा न फोन.”

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. काळजी यादीपुरती न राहता दिवसदिवस छातीत धडधड, किंवा बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप नाही, रडू थांबत नाही, दोन आठवडे उलटूनही मन वर येत नाही, असं दिसलं तर तो आजार असू शकतो. त्याला उपचार आहेत आणि ते वेळेत घ्यावे लागतात. घरातल्यांनी ‘बाळंतिणीला होतंच असं’ म्हणून सोडून देऊ नये.

जुलैच्या शेवटी मृणाल पुन्हा आली, दोन महिन्यांच्या मुलीला दुपट्यात घेऊन. बाहेर झड लागलेली. लंगोट कमीच पडले, असं तिने बसताक्षणी सांगितलं. मच्छरदाणी आणि थर्मामीटर कामी आले. पाळण्यात मुलगी झोपत नाही, पण सासूबाई तो हलवत बसतात. निखिल दोनच्या पाळीला उठतो, लंगोट बदलतो आणि सातची बस गाठतो. तो बसमध्ये झोपतो, हेही तिने सांगितलं.

मग तिने मोबाइल काढून कॉलची यादी दाखवली. आई, 2.10. आई, 4.05. आई, 2.15. रोज असं.

“काय बोलता एवढ्या रात्री?”

“काही नाही मॅडम. ती विचारते, ओढलं का दूध? मी विचारते, बाबांना वळवलं का?”