गोव्यातून हैदराबादचं झू बघायला जावं का, आणि तिथे संवर्धन खरंच होतं का?

जावा बिनधास्त. पोरांना घेऊन वास्कोहून एवढं लांब नेहरू झूलॉजिकल पार्क बघायला जाणं परवडेल का, आणि संवर्धन-बिंवर्धन नुसतं बोर्डावरच असतं का, असं तुम्ही विचारलंय ना. मी वाळपईचा, आमच्याकडे झू म्हणजे बोंडला, आरामात फिरून उसगावला चहाला परत. हैदराबादचं 380 एकरांचं आहे, 1963 साली सुरू झालेलं, तेव्हा सगळं पायी बघायचा हट्ट करू नका, आत बॅटरीवरच्या गाड्या मिळतात.

आता संवर्धनाचं. पिसोरी हरीण माहितीये? सशापेक्षा थोडं मोठं, वजन जेमतेम तीनेक किलो, शिंगं नाहीत पण नराला बारीक सुळे, अंगावर पांढरे ठिपके-पट्टे. आपल्या घाटातल्या जंगलातही आहे, पण रात्रीचं हिंडतं आणि चाहूल लागली की पसार, त्यामुळे दिसलं तर नशीब. तेलंगणात ते फारच कमी झालं होतं, म्हणून 2010 पासून या झूने आणि सीसीएमबी या हैदराबादच्या संशोधन संस्थेच्या लॅकोन्स लॅबने (दुर्मिळ होत चाललेल्या प्राण्यांवर काम करणारी प्रयोगशाळा) मिळून त्यांची पैदास सुरू केली आणि 2017 पासून अमराबादच्या वाघांच्या जंगलात सोडायला लागले. तेही थेट मोकळं नाही, आधी जंगलातच कुंपणात ठेवून तिथल्या चाऱ्याची सवय करायची आणि मग सोडायचं. मला विचाराल तर झूचं खरं काम हेच, पिंजऱ्यातला वाघ दाखवणं नव्हे. 2021 मध्ये या झूतल्या 8 सिंहांना कोविड झाला तेव्हा निदानही याच लॅबने केलं होतं.

गोम अशी की पिसोरीची ही पैदास लोकांच्या नजरेआड चालते, तिथे आपल्याला सोडत नाहीत (आणि सोडूही नये, हे जनावर भारी भित्रं). त्याऐवजी पोरांना निशाचर प्राण्यांच्या घरात न्या. तिथे दिवसा अंधार आणि रात्री लाईट ठेवतात, म्हणजे आपण जातो तेव्हा त्यांची रात्र असते. शिरल्या शिरल्या काहीच दिसत नाही, लोक "रिकामंच आहे" म्हणत पुढे जातात, तुम्ही जरा थांबा, डोळे सरावले की फांदीवरून हळूहळू सरकणारा लोरिस (माकडाच्या जातकुळीतला छोटासा प्राणी) दिसतो, बटाट्याएवढ्या तोंडात नुसते डोळेच डोळे. मोबाईलचा टॉर्च मात्र प्लीज मारू नका.

सकाळी गेट उघडल्या उघडल्या जा, दुपारी सगळी जनावरं झोपलेली असतात. आणि सोमवारी बंद असतं, गाडीचं तिकीट काढताना वार बघून काढा.