सहकाऱ्याचं कौतुक झालं की पोटात गोळा येतो. ही स्पर्धा सहकार्यात बदलता येते का?

तुम्ही लिहिलंय की हिंजवडीतल्या कंपनीत सहा वर्षं झाली, टीममध्ये नऊजण आहात, रेटिंगचे दिवस आले की सगळ्यांचा एकमेकांवर डोळा असतो. बरोबरीची सहकारी पुढे गेली तेव्हा तुम्हाला दोन रात्री झोप लागली नाही. हल्ली तुम्हीही माहिती हातची राखून ठेवायला लागला आहात आणि त्याचं वाईट वाटतं. ध्यान करा, दुसऱ्याला मदत करा असं जे सांगतात त्याने खरंच फरक पडतो, की सरळ नोकरी बदलावी, असं विचारलंय.

फरक पडतो. मी आयटीतला नाही. भोसरी एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर, सेटर (मशीन कामासाठी जुळवून देणारा) म्हणून बरीच वर्षं काढली, आता एका शॉपचं प्रॉडक्शन बघतो. पण माहिती हातची राखणं म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण मी ते पाच-सहा वर्षं केलं.

सेटरची खरी इस्टेट म्हणजे त्याच्या खिशातली वही. कुठल्या जॉबला काय ऑफसेट (हत्याराच्या मापात द्यायची दुरुस्ती), कुठला इन्सर्ट (बदलता येणारं कापायचं पातं) किती पीस टिकतो, कुठलं मशीन कधी त्रास देतं, सगळं तिच्यात. माझी वही तेलाने काळी पडली होती आणि ती मी रोज घरी घेऊन जायचो. कॅन्टीनच्या दारात महिन्यातल्या उत्तम सेटरचा फोटो लागायचा, इन्सेंटिव्हही माणसागणिक मिळायचा. बरेच महिने तिथे माझाच फोटो होता. मग सांगलीकडचा एक मुलगा दुसऱ्या शिफ्टला आला. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, हाताला वेग, डोकं तल्लख. चौथ्या महिन्यात त्या चौकटीत त्याचा फोटो लागला. त्या दिवशी मी डबा न उघडता घरी परत नेला.

आमच्याकडे एका हाउसिंगचा (पार्टच्या बाहेरच्या कवचाचा) ६२ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, असायचा. त्याला सूट ३० मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. ते मशीन तासभर बंद राहून गार झालं की पुन्हा चालू केल्यावर स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) तापेपर्यंत बोअर हळूहळू मोठा होत जायचा. पहिला पीस बरोबर येतो, पास होतो, आणि मग माप सरकायला लागतं. मला हे माहीत होतं. मी दर पाच पीसला बोअर गेज लावून ऑफसेट देत राहायचो. त्या मुलाला त्या मशीनवर आठवडाच झाला होता. मी त्याला बोललो नाही. त्याने विचारलं असतं तर सांगितलं असतं, अशी मी माझी समजूत घालत होतो.

एका संध्याकाळी लाईट गेली आणि सव्वा तासाने आली.

सकाळी सातला मी आलो तर मशीनशेजारच्या लाल क्रेटमध्ये ३८ हाउसिंग होती. मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही, त्यामुळे सगळी भंगारात जाणार. प्रत्येकावर मार्करने वाढलेलं माप मायक्रॉनमध्ये लिहिलेलं: +३४, +३७, +४१. अक्षर शाळेच्या वहीतल्यासारखं सरळ. त्याची शिफ्ट रात्री बाराला संपली होती, पण वॉचमन म्हणाला की तो दीड वाजेपर्यंत एकेक पीस उचलून मोजत बसला होता.

मला आधी बरं वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण तसंच झालं. आणि ते बरं वाटणं पुरतं ओसरायच्या आत त्या आकड्यांकडे बघताना घसा दाटून आला.

त्या दिवाळीत प्लँटची सुट्टी आणि साठलेली रजा जोडून मी मेहुण्याबरोबर इगतपुरीला धम्मगिरीत विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला गेलो. फी नसते, आधी येऊन गेलेल्या साधकांच्या दानावर ते चालतं. पहाटे चारला घंटा, मोबाइल जमा, बोलणं बंद. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. चौथ्या दिवशी अंगावरच्या संवेदना बघायला शिकवतात. पाचव्या की सहाव्या दिवशी मला तो फोटो आठवला आणि त्याबरोबर जबडा आवळला गेला, पोटात वरच्या बाजूला मुठीएवढा गोळा आला. एरवी मी लगेच मनात भांडायला लागलो असतो: त्याला साहेबाने सोपे जॉब दिले, त्याला घरची जबाबदारी नाही, वगैरे. तिथे भांडायला कुणी नव्हतं, म्हणून बघत बसलो. पाच-सात मिनिटांत गोळा विरघळला. सगळा मत्सर म्हणजे आवळलेला जबडा आणि पोटातला गोळा, एवढंच. बाकीची कहाणी मी मागाहून रचत होतो.

तुम्ही इगतपुरीलाच जायला हवं असं अजिबात नाही. सजगता म्हणजे डोळे मिटून शांत बसणं असा समज असतो, आणि तेवढंच केलं तर ऑफिसात पाऊल टाकताच ती शांती संपते. मला ती उपयोगी पडली ती शिफ्ट बदलताना, कॉटन वेस्टने हात पुसत असताना. समोरून तो मुलगा यायचा, जबडा आवळायचा. मी हात पुसता पुसता तीन श्वास घ्यायचो आणि मनात म्हणायचो, "आवळला बघ." तेवढ्याने राग जात नाही. पण राग आणि माझं तोंड यांच्यात थोडी फट पडते आणि त्या फटीत काय बोलायचं ते ठरवता येतं. तुमच्याकडे ती वेळ कदाचित सगळ्यांना गेलेल्या कौतुकाच्या मेलची असेल, किंवा मीटिंगमध्ये तिचं नाव घेतलं जाण्याची. गोळा नेमका कधी येतो ते आठवडाभर टिपून ठेवा. माझे दिवसातून दोनच प्रसंग निघाले, आणि मला वाटत होतं की मी दिवसभर जळतोय.

पतंजलीच्या योगसूत्रांत पहिल्या पादात चित्त प्रसन्न ठेवण्यासाठी चार भावना सांगितल्या आहेत: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवंताबद्दल मुदिता म्हणजे आनंद, आणि वाईट वागणाऱ्याबद्दल उपेक्षा. मैत्री सुखी माणसाशी ठेवायला सांगितली आहे, हे मला फार उशिरा लक्षात आलं. दुःखात धावून जायला आपल्याकडे सगळे तयार असतात. ज्याला प्रमोशन मिळालंय त्याच्याशी मैत्री ठेवायची तर आधी स्वतःशीच झगडावं लागतं.

परत आल्यावर मी त्याला सांगितलं. कॅन्टीनमागे चहा घेताना म्हटलं, "त्या अडतीस पीसचं कारण मला माहीत होतं. मशीन गार झालं की बोअर सरकतो. मी मुद्दाम बोललो नाही." तो बराच वेळ ग्लासाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, माझा त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला. बहिणीची फी भरायची होती." आणि निघून गेला. माफी वगैरे काही नाही. पुढचे दोन आठवडे शिफ्ट बदलताना माझ्याशी फक्त "हं" एवढंच. एकदा मन मोकळं केलं की दुसऱ्या दिवशी मिठी मारतात अशी अपेक्षा ठेवू नका.

कोंडी फुटली ती मी मदत दिल्याने नाही, मागितल्याने. त्याला मॅक्रो प्रोग्रॅम लिहिता यायचे, मला नाही. एकाच प्रकारच्या पार्टच्या सात साइजना मी सात प्रोग्रॅम ठेवायचो, तो एकाच प्रोग्रॅममध्ये आकडे बदलून काम करायचा. मी त्याला म्हटलं, "हे मला शिकव, मी अर्धा तास थांबतो." ज्याच्यावर आपण जळतो त्याच्याकडे काहीतरी असतं म्हणूनच जळतो. ते काय आहे ते स्वतःशी कबूल करून त्याच्याकडेच मागणं, हे मला आजवर सापडलेलं सगळ्यात कामाचं औषध आहे. मदत करायला गेलं की आपण नकळत वरच्या पायरीवर उभे राहतो आणि समोरच्याला ते जाणवतं. मागायला गेलं की दोघेही एका पातळीवर येतात. तुमच्या सहकारीला कुठली गोष्ट तुमच्याहून चांगली जमते? आधी तिच्याकडे ती शिकायला जा.

त्यानंतर मी माझ्या वहीतलं सगळं एका जाड रजिस्टरमध्ये उतरवलं आणि ते मशीनपाशी सुतळीने बांधून ठेवलं. रोज शिफ्ट संपताना पहिली ओळ एकच: आज काय बिघडलं. आधी महिनाभर फक्त माझंच अक्षर होतं. मग एक दिवस त्याची ओळ आली: "इन्सर्टचा नवीन डबा, १२० पीसनंतर धार जाते, १००ला बदला." ती ओळ मी दोनदा वाचली.

तुम्हाला भीती आहे की आपण देत राहू आणि लोक फायदा उठवतील. रास्त भीती आहे. आमच्या फलटणकडच्या गावात सावड असायची. आज चार घरची माणसं माझ्या रानात, उद्या मी त्यांच्या रानात. तिथे वही-खतावणी नसायची, पण लक्षात सगळ्यांच्या असायचं, आणि जो स्वतःच्या खुरपणीला माणसं बोलवायचा पण दुसऱ्याच्या रानात फिरकायचा नाही त्याला पुढल्या हंगामात कुणी सावडीत घेत नसे, भांडणतंटा न करता. ऑफिसातही तसंच ठेवा. माहिती सगळ्यांना द्या, ती दिल्याने संपत नाही. वेळ मोजून द्या. दुसऱ्याचं काम उचलून करून देऊ नका, शेजारी बसून त्याच्या हातून करून घ्या. ज्याने तीनदा घेतलं आणि एकदाही हात लावला नाही, त्याच्या बाबतीत तीच उपेक्षा. आणि ज्याचं श्रेय त्याचं नाव चारचौघांत घ्यायचं, विशेषतः ज्याच्यावर जळता त्याचं. मी सकाळच्या मीटिंगमध्ये "ही युक्ती त्याची आहे" हे पहिल्यांदा म्हणालो तेव्हा आवाज कापत होता.

मात्र नुसत्या श्वासाने सगळं सुटत नाही. माणसामाणसांत झुंज लावणारी मोजपट्टी वर बसली असेल तर खाली कितीही सजग राहा, ओरबाडणं चालूच राहतं. माझी मुलगी तुमच्याच क्षेत्रात आहे, तिने मला बेल कर्व्ह, म्हणजे आधीच ठरलेल्या टक्क्यांत माणसांना वर-खाली बसवायची पद्धत, समजावला. जनरल इलेक्ट्रिकमध्ये तिथले प्रमुख जॅक वेल्च यांच्या काळात वरचे २० टक्के, मधले ७०, खालचे १० अशी विभागणी गाजली आणि जगभर तिची नक्कल झाली. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची उतरंड २०१३मध्ये बंद केली. जपानी कारखानदारीवर ज्यांचा मोठा प्रभाव पडला ते अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेमिंग तर माणसागणिक वार्षिक गुणांकनाच्या पूर्ण विरोधात होते, कारण बहुतेक चुका माणसाच्या नसतात, पद्धतीच्या असतात. माझे ३८ पीस हेच सांगतात. टोयोटाच्या लाइनवर कामगाराला अडचण आली की तो दोरी ओढतो किंवा बटण दाबतो आणि लीडर धावत येतो. मदत मागणं तिथे कामाचाच भाग आहे.

आम्ही दोघांनी मिळून साहेबांना एवढंच सांगितलं की या मशीनचं रिजेक्शन दोन्ही शिफ्टचं एकत्र मोजा आणि इन्सेंटिव्ह त्यावर द्या. त्यांना पटायला चार महिने लागले. फोटोची चौकट मात्र अजून आहे, ती काही हलली नाही.

तुमच्या हातात कंपनीचं धोरण नाही, पण टीममधली एखादी छोटी मोजपट्टी असू शकते. रात्रीबेरात्री येणाऱ्या तक्रारींची जबाबदारी तुमच्यात फिरत असेलच. तिच्या नोंदी एकत्र ठेवायचा प्रस्ताव मांडा आणि पहिला महिना तुम्ही एकट्याने लिहा.

नोकरीचं म्हणाल तर तीन-चार महिने हे करून बघा. तुमचा मॅनेजर झुंजी लागल्या की खूश होणारा, एकाचं दुसऱ्याला सांगणारा निघाला, तर खुशाल बदला, त्यात हरणं काही नाही. आणि झोप दोन रात्रींची दोन आठवडे झाली तर आधी डॉक्टरांना दाखवा, ध्यानाच्या भरवशावर राहू नका.

तो मुलगा आता चाकणला एका टूलरूमचा प्रमुख आहे. गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला त्याचा फोन आला, बोअरला टेपर येत होता, म्हणजे भोक एका टोकाला जास्त रुंद होत होतं. आम्ही पाऊण तास बोललो, पण कारण अजून सापडलेलं नाही. रविवारी मी तिकडे जाऊन बघणार आहे.